कुलूप फिरकी घेतं तेव्हा

समोरच्या काकूंनी उन्हाळ्यात दाराला नवीन लॅच बसवून घेतलं, चांगलं जाडजूड पितळी, दुकानदाराने "हे कुणाच्या बापाला उघडणार नाही" म्हणून गळ्यात मारलेलं, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात वाऱ्याने दार धाडकन लागलं तेव्हा काकू बाहेर, किल्ली आत आणि मोबाईलपण आत. मग नाक्यावरचे किल्लीवाले काका आले. जिन्यातच मांडी घालून बसले, रेक्झिनची पिशवी उघडली, त्यातनं हॅक्सॉ ब्लेड घासून केलेला एक आकडा आणि छत्रीची काडी ठोकून केलेली एक पट्टी काढली आणि कामाला लागले. आमच्या जिन्यात नुसता गॅसवाला आला तरी चार दारं उघडतात, त्यामुळे इथे तर जत्राच. बाहेरनं ओल्या मातीचा वास, कुणाच्यातरी घरातनं फोडणीचा, आणि मधे ती बारीक कुरकुर कुरकुर. थोड्या वेळाने खरंच टक् आवाज आला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत किल्लीचं भोक जरासं वळलं, काकूंनी हात जोडले, वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "वा, हात आहे हो ह्यांचा!" फक्त किल्लीवाल्या काकांच्या चेहऱ्यावर काही नाही. "नाय ओ, खोटं फिरलंय हे," एवढं बोलले आणि पट्टी सोडून दिली. आत तर्र्र करून काहीतरी खाली बसल्याचा आवाज आला. शेवटी ड्रिल मशीन मागवावं लागलं, पितळेचा भुगा काकूंच्या रांगोळीवर पडला, ते सगळं वेगळंच.

ड्रिलचं मला काही वाटलं नाही. पण ते "खोटं फिरलंय" डोक्यात राहिलं. म्हणजे आम्ही दहाजण बघत होतो, भोक वळलेलं दिसत होतं, आवाज आला होता, आणि तो माणूस म्हणतो खोटं. त्याला कसं कळलं? आणि कुलपाला मुळात खोटं फिरता येतं हेच मला माहीत नव्हतं. माझ्या लेखी कुलूप म्हणजे बंद किंवा उघडं, मधलं काही नाहीच.

मग मी ऑनलाइन एक सरावाचं पारदर्शक कुलूप मागवलं, सोबत आकड्यांचा एक छोटा सेट. भाच्याने बॉक्स बघून "मावशी, करिअर बदलतेस का?" विचारलं, नवऱ्याने काहीच विचारलं नाही पण दोन दिवस माझ्याकडे जरा आदराने बघत होता. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला हातात धरता येणाऱ्या गोष्टीचं काय अप्रूप असतं हे ज्याचं त्यालाच कळेल. आतली रचना बघितली तर इतकी साधी की हसू येतं. एक गोल दंडगोल, त्याला प्लग म्हणतात, तो किल्लीबरोबर फिरतो. त्याच्यात ओळीने पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्या डोक्यावर दुसरी पिन, वर स्प्रिंग. किल्ली नसली की वरची पिन अर्धी प्लगमधे आणि अर्धी बाहेरच्या घरात, म्हणजे प्लगभोवतीच्या न फिरणाऱ्या भागात, अडकून बसते म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिचे उंचसखल दाते सगळ्या पिना नेमक्या उंचीवर उचलतात, दोन पिनांमधली फट बरोबर प्लगच्या कडेवर येते आणि झालं, फिरलं. अमेरिकेत १८४८ साली लिनस येल नावाच्या बापाने अशा पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं, १८६१ मधे त्याच्याच नावाच्या मुलाने ते सुधारून चपटी किल्ली आणली, आणि आपल्या सगळ्यांच्या खिशात जी दातेरी चपटी किल्ली असते ती त्या घराण्यातली. पिनांची मूळ कल्पना तर इजिप्तची, लाकडी कुलपांची, फारच जुनी.

आता ह्यात चोरवाट कुठे आहे, तर ती कारखान्यात आहे. त्या पाच भोकांची ओळ कागदावर सरळ असते, धातूत नसते. एखादं भोक केसाच्या जाडीइतकंही नाही, त्याच्याहून कमी, डावीकडे सरकलेलं असतं. तुम्ही पट्टीने प्लगला हलकं वळवायला लागलात की पाचही पिना एकदम अडत नाहीत, सगळ्यात जास्त वाकडी असलेली एकटी अडते. ती आकड्याने शोधायची, हळूच वर ढकलायची, ती नेमकी उंचीला आली की बोटाला एक बारीक टिक लागते, प्लग जाणवेल न जाणवेल इतका सरकतो, वरची पिन बाहेरच्या घरात राहते आणि मग पुढची अडते. असं एकेक करत. परफेक्ट कुलूप बनवता आलं असतं तर हा प्रकारच शक्य नव्हता. साध्या पिना असल्या, म्हणजे सरळ सिलिंडरच्या आकाराच्या, तर कुलूप फार भाबडं असतं. टिक म्हणजे टिक. पिन बसली म्हणजे बसली. नाक्यावरच्या दुकानातलं स्वस्तातलं कुलूप मी नागमोडी आकडा नुसता आतबाहेर घासून उघडलं आणि उघडल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी पोटात कसंतरी झालं, कारण तसलंच कुलूप आमच्या पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीला आहे.

सिक्युरिटी पिना म्हणून ज्या म्हणतात त्या ह्या भाबडेपणावरचा उपाय. त्या जास्त मजबूत नसतात, जास्त महाग नसतात, पोलादाच्या असायलाच हव्यात असंही नाही. वरची पिन घ्यायची आणि लेथवर तिची कंबर बारीक करायची. बस. दोन्ही टोकं जाड, मधे बारीक, तिला स्पूल म्हणतात, शिवणाच्या मशीनच्या रिळासारखी दिसते म्हणून. एवढ्याशा बदलाने काय होतं बघा. तुम्ही ती पिन वर ढकलताय, तिची बारीक कंबर प्लगच्या कडेपाशी आली, आणि तिथे एकदम मोकळी जागा तयार झाली, त्यामुळे प्लग वळतो. थोडा नाही, चांगला डोळ्यांना दिसेल इतका वळतो. टिकपण येते. तुम्हाला वाटतं झालं. पण रिळाचं खालचं जाड टोक अजून प्लगच्या आतच आहे, कडेला अडकून. आता जोर लावाल तितकं ते घट्ट अडकत जाईल.

काकूंच्या जिन्यात आम्ही टाळ्या वाजवल्या त्या ह्या कंबरेला.

पहिल्यांदा माझ्या हातात हे झालं ते रात्री, सगळे झोपल्यावर, डायनिंग टेबलवर. सरावाच्या कुलपातल्या साध्या पिना काढून सोबत आलेल्या स्पूल पिना चिमट्याने घातल्या होत्या (एक स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली, ती अजून तिथेच आहे). त्यात काय चाललंय ते मला दिसत होतं, प्लास्टिक पारदर्शक, रीळ कुठे अडकलंय ते समोर दिसतंय, आणि तरी हात ऐकेना. हात म्हणतोय फिरलंय ना, अजून थोडा जोर लाव. डोळ्यांना कळतं आणि बोटांना कळत नाही ही काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं. बरं, ह्याच्यावरचा उपाय सरळ मनाविरुद्धचा. जोर कमी करायचा. अडकलेली पिन शोधून तिला वर ढकलायला लागलात की तिचं जाड टोक प्लगला उलटं फिरवतं, मिळवलेलं वळण परत जातं, आणि तुम्ही ते जाऊ द्यायचं असतं. घाटातल्या आखूड वळणावर एसटी थोडी मागे घेतल्याशिवाय वर चढत नाही, तसं. त्यात धोका हा की पट्टी जरा जास्त सैल झाली तर आधी बसवलेल्या बाकीच्या पिनाही तर्र्र करून खाली येतात, पुन्हा पहिल्यापासून. आणि कमी सैल केली तर रीळ हलतच नाही. ह्या दोन्हीच्या मधली जी जागा आहे ती सांगता येत नाही कुणाला, ती मनगटातच असते. मला कितीतरी वेळा वाटायचं की आत्ता बसलं, आणि हातात फक्त ते स्प्रिंगांचं तर्र्र.

पण गंमत पुढे आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. हळूहळू लक्षात आलं की ह्या खोट्या फिरण्याचा राग यायचं काही कारण नाही, कारण त्यातनं कुलूप फार बोलतं. साधी पिन बसली की गप्प. पण प्लग खोटा वळून थांबला ह्याचा अर्थ साध्या पिना सगळ्या बसल्यात, आता फक्त रिळं राहिलीत. मग एकेका पिनेला आकडा लावून बघायचं, जिला लावल्यावर प्लग उलटा फिरू लागतो ती लबाड. ती स्वतःच हात वर करते. म्हणजे फसवण्यासाठी जो आकार दिला त्याच आकारामुळे ती सापडते. नवशिक्याला हे खोटं वळण म्हणजे भिंत आणि जाणत्याला म्हणजे खूण. किल्लीवाल्या काकांना पट्टीवरच्या बोटात कळलं असणार, खरं उघडलेलं कुलूप मोकळं सुटतं, खोटं वळलेलं स्प्रिंगसारखं दबून राहतं. मग त्यांनी तरी सोडून का दिलं? मला वाटतं वेळेचं गणित. जिन्यात दहा माणसं, पाठ अवघडलेली, आणि आत किती रिळं आहेत माहीत नाही. त्यांना येत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही. ह्या पिना अशक्य काहीच करत नाहीत, त्या फक्त वेळ खातात आणि खात्री खातात.

त्यांची भावंडंही आहेत. मश्रूम पिन, एका बाजूने निमुळती होत गेलेली, तिचं खोटं जरा सौम्य. दातेरी पिन मात्र मला अजून वैताग आणते, तिच्या अंगावर एकाखाली एक बारीक खाचा, प्रत्येक खाच कडेला अडकली की टिक येते, म्हणजे एकच पिन टिक टिक टिक तीन-चारदा म्हणते बसले बसले बसले, आणि प्लग वळतच नाही, स्पूलसारखी मोठी खूण नाहीच. अमेरिकेत अमेरिकन लॉक नावाची जी पॅडलॉक मिळतात त्यांच्या ११०० नंबरच्या कुलपात खालच्या पिनाही दातेरी आणि वरच्या काही दातेरी काही स्पूल, सरावाला लोक मुद्दाम तीच घेतात. चांगले कारखाने मुद्दाम मिसळ करतात, एखादी साधी, एखादी स्पूल, एखादी दातेरी, म्हणजे एका पिनेवरून दुसरीचा अंदाज बांधता येऊ नये. काही तर ज्या भोकात पिन असते त्या भोकालाच आतून आटे पाडून ठेवतात, पिनेच्या खाचा आणि भोकाचे आटे एकमेकांत गुंतावेत म्हणून. हे डोकं कुणाचं असेल असं वाटतं ना. कुणीतरी इंजिनिअर ऑफिसात बसून विचार करतोय की समोरच्याला कुठल्या क्षणी आनंद होईल, आणि नेमका तिथे खड्डा खणतोय.

ते डोकं जुनं आहे पण. लंडनमधे जोसेफ ब्रामा म्हणून एक कारागीर होता, त्याने १७८४ मधे कुलपाचं पेटंट घेतलं. त्या कुलपात पिना नव्हत्या, गोल किल्लीने ढकलायच्या सरकत्या पट्ट्या होत्या, आणि पिकाडिलीतल्या त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेलं होतं, जो उघडेल त्याला २०० गिनी. १८१७ च्या सुमाराला ब्रामाच्या कुलपांत खोट्या खाचा घालायला सुरुवात झाली. पट्टी खोट्या खाचेत बसली की उघडणाऱ्याला वाटावं खरीच मिळाली. म्हणजे येलच्या पिनांच्या कुलपाच्या आधी खोटं बोलणारं कुलूप तयार होतं. दुसरीकडे जेरेमाया चब नावाच्या माणसाने १८१८ मधे अगदी वेगळा विचार केला, त्याचं कुलूप उघडणाऱ्याला फसवायचं नाही, मालकाला चुगली करायचं. कुणी आत उचकाउचकी केली की एक लिव्हर अडकून बसायची आणि मालकाने किल्ली लावली की त्याला कळायचं. ही दोन्ही अजिंक्य कुलपं १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने उघडली. चबचं साधारण २५ मिनिटांत. ब्रामाच्या खिडकीतलं, १८ पट्ट्यांचं, १६ दिवसांत मिळून ५१ तास बसून. मला त्या ५१ तासांचं फार वाटतं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटा माणूस, समोर एक पितळी तुकडा, आणि त्याला काय काय वाटून गेलं असेल. पेपरात भांडणं झाली, इंग्रजांची अब्रू गेली वगैरे, पण ते ५१ तास त्या कुलपाच्या बाजूनेच बोलतात असं माझं मत आहे.

आमच्याकडे कुलपाचा विषय निघाला की बाबा आठवतात. कोकणातल्या आजीच्या घराला कुलूप असं नव्हतंच, रात्री आतनं अडसर सरकवायचा आणि दिवसा कुणी ना कुणी घरात असायचंच. त्या दाराला बाहेरनं भोकच नव्हतं तर आकडा घालणार कुठे. बाबा शहरात आले, चाळीत एक खोली घेतली आणि पितळेचं लिव्हरवालं कुलूप आणलं, गोदरेजचं. लालबागला १८९७ मधे अर्देशीर गोदरेजांनी कुलपांचा धंदा सुरू केला, त्याआधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवून बघितली होती ती चालली नाहीत, ही गोष्ट बाबा कुलूप लावताना न चुकता सांगायचे, आम्ही गावाला निघालेलो, रिक्षा खाली थांबलेली, आई वैतागलेली, आणि ह्यांचं अर्देशीर. मग कुलूप लावून झालं की ते धरून खाली ओढून बघायचे. दोन जिने उतरून परत वर जायचे, परत ओढून बघायचे. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. ती किल्ली जाड, पोकळ नळीची, तोंडात धरली तर जिभेला आंबट लागायची, आणि कुलूप लागताना जो घट्ट खट्ट आवाज यायचा तो आत्ताच्या कुठल्याच लॅचला येत नाही.

बाबांचं ते ओढून बघणं मला तेव्हा येडेपणा वाटायचं. पिना आणि खोट्या खाचा शिकल्यावर तर जास्तच, कारण ओढण्याने आतलं काहीच कळत नाही, स्वस्त कुलूपही ओढून निघत नाही. पण मग एक दिवस पेपरात स्थानिक पान वाचत होते. तुम्हीही वाचता ते. "अज्ञात चोरट्याने बंद घराचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला." पुढची बातमी, दुसरी सोसायटी, तेच वाक्य. कितीतरी वर्षं हेच वाक्य, नावं आणि तोळे तेवढे बदलतात. कुलूप उघडून असं फार क्वचित. चोराला स्पूल आहे का दातेरी ह्याच्याशी घेणंदेणंच नाही, त्याच्याकडे टॉमी आहे आणि त्याला दोन मिनिटांत आत जायचंय, जिन्यात मांडी घालून ५१ तास बसायचं नाहीये. बोल्ट कटरला रिळाची कंबर दिसत नाही. ड्रिललाही नाही, ते आम्ही बघितलंच. आणि बम्प की म्हणून जी ठोकून उघडायची पद्धत आहे तिलाही ह्या पिना फारशा अडवत नाहीत, पिना उडतात त्या क्षणात कंबरेचा प्रश्नच येत नाही.

मग ह्या सगळ्या चतुराईचा पाहुणा कोण? गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, पोटासाठी काम करणारा किल्लीवाला. आणि माझ्यासारखे हौशी. जर्मनीत तर १९९७ पासून ह्या खेळाची रीतसर संघटना आहे, युरोपात स्पर्धा होतात, आणि सगळीकडे नियम एकच, जे कुलूप आपलं नाही ते उघडायचं नाही, आणि जे वापरात आहे ते आपलं असलं तरी नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सापळे लावले ते प्रामाणिक लोक, आणि ज्यांच्यापासून लावले ते दुसऱ्याच बाजूने आत. हे सगळं फुकट आहे असं मी म्हणत नाही हां. कोयंडा मजबूत असेल, दार मजबूत असेल, आणि कुणाला मागमूस न ठेवता आत जायचं असेल, म्हणजे कपाटातले कागद बघायचेत, ऑफिसची केबिन उघडायचीय, वेगळं राहणाऱ्या नवऱ्याला बायकोच्या घरात शिरायचंय, तिथे त्या पिना खरं काम करतात. अशा घटना पेपरात येत नाहीत, कारण काही तुटलेलं नसतं. त्यामुळे ह्या पिनांनी नक्की कुणाला वाचवलं ते मोजताही येत नाही. एकदा असं वाटतं की एवढी बुद्धी त्या न येणाऱ्या माणसासाठी खर्च झाली, आणि एकदा वाटतं तो आला नाही तो कदाचित म्हणूनच. माझं ह्यावर अजून एकमत नाही, माझ्याशीच.

बाबांचं मात्र पटलं. ते ओढून बघायचे ती कडी होती, कोयंडा होता, चौकटीतले स्क्रू होते. नेमकं तेच, जे चोर ओढतो.

मागच्या रविवारी सुताराला बोलावलं. आमच्या सेफ्टी डोअरचा कोयंडा बघून त्याने स्क्रू ड्रायव्हरने एक स्क्रू काढला, तळहातावर घेतला आणि मला दाखवला, नखाएवढा. लाकडात अर्धा इंच पण गेलेला नव्हता. मी त्याला उत्साहाने सांगत होते की आतलं लॅच फार चांगलं आहे, सिक्युरिटी पिना आहेत, खोटं फिरतं वगैरे, त्याने सगळं ऐकून घेतलं. "ताई, ते फिरू दे की कसं बी," तो म्हणाला, "आधी मला आरपार जाणारे बोल्ट आणून द्या, नट आतल्या बाजूला येतील असे. आणि हे स्क्रू कुणी मारले?"

बिल्डरच्या माणसाने मारले होते. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळाले, लॅचच्या किमतीत त्यातले शंभर तरी आले असते.